बिल्ला नसलेला ड्रम

कुठलाही ड्रम समोर आला की काका तो आधी वाजवत नसत. वरचं कातडं सोडवायचे (असतं ते प्लास्टिकचंच, पण आम्ही कातडंच म्हणतो) आणि डोळे मिटून आत नाक घालायचे. विहिरीत वाकल्यासारखे बराच वेळ तसेच. मग आतूनच घुमल्यासारखा आवाज यायचा, "आत बघूया, बाय. बाहेरून सगळेच नवरदेव."

फुलपाड्यात माझं मंडप, खुर्च्या आणि वाद्यं भाड्याने देण्याचं दुकान आहे. काका अर्नाळ्याचे. सगळं आयुष्य लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवण्यात गेलेलं. आमच्या भागात कुणी परदेशी नावाचा ड्रमसेट घ्यायला निघालं, की आधी काकांना दाखवायचं.

आमची ओळख भांडणातून झाली. मी एक चकचकीत सेट घेत होते. विकणारा दुकानातच चहा पीत बसला होता. काकांनी चारही ड्रम उलटेपालटे केले.

"कंपनीचा खरा बिल्ला हवेच्या भोकात खिळवलेला असतो. हे डिंकाने चिकटवलेत. आनि चौघांवर नंबर एकच."

"एकाच सेटचे आहेत ना," मी म्हणाले.

"एका आईची चार पोरं म्हनून चौघांचं आधार कार्ड एक असतं का?"

विकणारा अर्धा चहा टाकून उठला. तुम्हाला वाटेल मी काकांचे आभार मानले असतील. मला राग त्यांचाच आला होता. लग्नसराई तोंडावर आणि हातात सेट नाही.

त्यांचा स्वतःचा सेट अर्नाळ्याच्या घरी ओटीवर असायचा. बोटीवर नोकरी करणाऱ्या भावाने परदेशातून आणलेला, पाच ड्रमांचा. एकदा भर दुपारी तिथे गेले होते. भरती चढत होती, वाळत्या मासळीचा वास पसरलेला, सगळं गाव सुस्त. कुणी हात न लावता ते पाचही ड्रम हलके घुमत होते. मला वाटलं, मला झोप लागतेय.

"समुद्र बोलला की हे हुंकार देतात," काका म्हणाले.

"पत्रे हलत असतील," मी म्हणाले.

गुडघे गेले तेव्हा मुलीने त्यांना बडोद्याला बोलावलं. तिसरा मजला, दोन खोल्या. ड्रम नेणं शक्यच नव्हतं. काकांचं एकच मागणं होतं, "पाची एकत्र जाऊ देत. एका घरातले आहेत."

गिऱ्हाईक मी शोधलं. स्टुडिओ चालवणाऱ्या एक बाई. पाचही घेणार होत्या, पण अस्सलच हवेत. त्या यायच्या आदल्या दिवशी काकांनी मला सांगितलं, की सगळ्यांत मोठा ड्रम एका पावसाळ्यात पाण्यात बसला होता आणि त्याच्या लाकडाचे पापुद्रे सुटले होते. गावातल्या होड्या बांधणाऱ्या सुताराने उरल्यासुरल्या फळ्या जोडून नवं पिंप करून दिलं. बाहेरचं वेष्टन, स्क्रू, बिल्ला तेवढे जुने. वीस वर्षं त्यावर वाजवलं, कुणाला कळलं नाही.

"मग आताही कळायला नको. तुम्ही फक्त गप्प बसा, बाकी मी बघते."

"बसतो," ते म्हणाले.

बाई आल्या. बिल्ले तपासले, नंबर लिहून घेतले, एकेक वाजवून पाहिला. मोठ्यावर काठी पडली आणि त्या थांबल्याच. आवाज विरेपर्यंत काठी हवेत.

"काय सुंदर बोलतो हा! घेते मी पाचही."

मी सुटकेचा श्वास टाकला, तोच काका गुडघे धरून उठले. "आत बघूया, बाई."

मी डोळे वटारले. त्यांनी पाहिलंच नाही. एकेक स्क्रू सैल करत कातडं उतरवलं. आत फळ्यांचे जोड दिसले आणि होडीला लावतात त्या माशाच्या तेलाचा वास आला.

"सॉरी काका," बाई म्हणाल्या. "मी चारच नेते." दारात पुन्हा वळल्या. "याचा बिल्ला तरी द्या. तो ओरिजिनल आहे ना? माझ्या एका ड्रमला बिल्ला नाहीये."

काकांनी पेचकसाने बिल्ला उचकटला, पायरीवर ठेवला आणि हातोडीचे दोन घाव घातले. "याच्यावर तो खोटा होता, बाई. दुसऱ्यावर पन खोटाच होईल."

चार ड्रम टेम्पोत चढले. मी म्हणाले, "गप्प बसणार होतात ना?"

"बसलोच होतो गं. पन त्या सुंदर म्हनाल्या. सुताराचं कौतुक कंपनीला गेलं असतं." मग एकट्या उरलेल्या ड्रमवर हात फिरवत राहिले. "हा तुझ्याकडे ठेव. बोलत जा त्याच्याशी."

"मला वेळ नाही," मी म्हणाले.

दर रविवारी बडोद्याहून फोन यायचा. "बोलतो का?"

"धूळ बसलीय त्याच्यावर."

"फोन जवळ धर."

मी धरायची. ड्रमच्या कातड्याला टेकवून.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी त्यांच्या मुलीचा फोन आला. त्यानंतर कुणाचाच नाही.

ड्रम दुकानात मागे उभा आहे. बिल्ल्याच्या जागी नुसतं भोक. गिऱ्हाईकं विचारतात, कुठल्या कंपनीचा? मी सांगते, अर्नाळ्याचा. दुपारी रस्ता शांत असताना एखादा टेम्पो हॉर्न देत जातो आणि तो आतल्या आत घुमतो. मी परत आलेल्या खुर्च्या मोजत असते. आकडा चुकतो, आणि पुन्हा पहिल्या खुर्चीपासून सुरुवात करावी लागते.