सखूची धाप

पालीपासून आत, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत सखू राहते. नवरा केरू मुंबईत वॉचमन, मुलगा रितेश चाकणला कंपनीत. घरात ती आणि सासरे, आप्पा. सहा वर्षांपूर्वी आप्पांचं एक अंग लुळं पडलं, तेव्हापासून त्यांचं उठवणं, बसवणं, अंघोळ, पेज सगळं सखूच्या हातावर. ती कधी कुरकुरली नाही. कुरकुरायलाही जरा सवड लागते.

गेल्या पौषात, घरामागच्या आंब्याच्या कलमांना मोहोर आला त्या दिवसांत, तिला धाप लागू लागली. कितीही श्वास घेतला तरी छाती भरल्यासारखी वाटेना. सारखे उसासे येत. बोटांना, ओठांभोवती मुंग्या येत.

"मोहोर बाधलाय तुला," शेजारची गुणवंती म्हणाली. "माझ्या चुलत्याला असाच त्रास व्हायचा."

पालीच्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या दिल्या. त्यांनी झोप इतकी यायची, की एकदा आप्पांनी दोन हाका मारल्या त्या तिला ऐकूच गेल्या नाहीत. गोळ्या तिने फळीवर ठेवून दिल्या. मग तोंडात मारायचा दम्याचा पंप आला. पंपाने हात तेवढे थरथरत.

मोहोर झडला, आंबे उतरवून झाले, तरी धाप जाईना.

"दमाच असणार," केरू फोनवर म्हणाला. "रत्नागिरीला मोठ्या डॉक्टरला दाखव."

"आणि आप्पांना कोण बघील?"

शेवटी गुणवंती म्हणाली, "एक दिवस मी बसते. तू जा."

रत्नागिरीत छातीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नळीत फुंकायला लावलं, औषध देऊन पुन्हा फुंकायला लावलं. हृदयाची पट्टी काढली, रक्त तपासलं. मग समोर बसवून विचारलं, "पहाटे खोकला येतो? छातीत शिट्टी वाजते?"

"नाय. शिट्टी मला ठावी हाय. रितेश लहान असताना त्याची छाती वाजायची."

"चढ चढताना?"

"नाय," सखू म्हणाली. लाकडाचा भारा डोक्यावर घेऊन ती घाटी चढायची, तेव्हा काही होत नसे.

"मग कधी होतं?"

"आप्पांना पेज भरवायच्या वेळी," सखू म्हणाली, आणि आपण हे आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं हे तिच्या ध्यानात आलं.

तिने बाईंना सगळं सांगितलं. धाप सुरू व्हायच्या आधी, मार्गशीर्षातल्या एका दुपारी पेज भरवताना आप्पांना ठसका लागला होता. डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडले. वाडीत हाकेला कुणी नव्हतं. ती पाठीत थापट्या मारत राहिली. आप्पा वाचले. केरूला तिने सांगितलं नाही. त्याच्या जिवाला तिकडे घोर कशाला लावायचा?

"तुमची छाती चांगली आहे," बाई म्हणाल्या. "हा दमा नाही, मोहोरही नाही. भीतीने माणूस गरजेपेक्षा जास्त श्वास ओढतो. जितका ओढावा तितका अपुरा वाटतो, मुंग्याही त्यानेच येतात."

"म्हणजे मी सोंग करते?"

"नाही हो. धाप खरीच आहे, कारण वेगळं आहे."

श्वास ओढण्यापेक्षा हळूहळू सोडायचा कसा, ते त्यांनी करवून घेतलं. शिट्टी वाजली, छातीत दुखलं, तर मात्र लगेच यायला सांगितलं. आप्पांना ताठ बसवून, हनुवटी खाली ठेवून अर्धा अर्धा चमचाच द्यायचा, हेही दाखवलं. "आणि भरवायला दुसरं माणूस हवं," म्हणाल्या. सखूला त्याचं हसू आलं.

त्या संध्याकाळी तिने केरूला सगळं सांगितलं.

"तेव्हाच का नाय बोललीस?"

"आता बोलले ना."

तो पंधरा दिवसांची रजा काढून आला. पहिल्याच दुपारी वडिलांना भरवताना तो प्रत्येक घासाला थांबून त्यांच्या ओठांकडे बघत होता. वाटी रिकामी झाल्यावर बाहेर येऊन त्याने तोंड पुसलं.

"रोज असाच?"

"दिवसातनं तीनदा."

रजा संपली, तो गेला. धाप अजून येते, पण कमी. आली की सखू चमचा खाली ठेवते, सावकाश श्वास सोडते, मग पुढचा घास. आठवड्यातले तीन दिवस दुपारची पेज आता गुणवंती भरवते. तेवढा वेळ सखू पडवीत आडवी होते. झोप लागतेच असं नाही.