आधी गावाचं नाव

एका शेगडीवर दूध, दुसरीवर चहा, मुलीची वेणी अर्धी आणि ह्यांचा एकच मोजा सापडलेला. नेमकी तेव्हाच दारावर टकटक झाली.

"तू दार उघड, दूध मी बघते," म्हणत आत्याबाई उठल्या. ह्यांच्या या आत्येनं संसदेत तीस वर्षं एकच काम केलं. लोकांचे तक्रार-अर्ज दर सोमवारी सभागृहात मोठ्यानं वाचायचे.

दारात संसदेचे सचिव, तीन जिने चढून घामाघूम.

"बाई, सोमवारी तुमचा सत्कार ठरलाय. शेवटचं वाचन आहे ना!"

"शेवटचं? मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली की."

"वाचनच बंद होतंय. यापुढे अर्ज खात्यांप्रमाणे मोजायचे. पाणी चाळीस, रस्ते साठ. सभागृहाचा तासभर वेळ वाचतो."

आत्याबाईंनी दूध उतरवलं. "बसा. चहा होईपर्यंत ऐका."

आम्हाला ती हकिगत पाठ होती, तरी मुलगी अर्ध्या वेणीनं येऊन बसली. आत्याबाई नोकरीत होत्या तेव्हा सीमेवरच्या डोंगरातली माणसं राजधानीवर फार चिडलेली होती. सगळं ठरायचं खाली मैदानात, त्यांना कळायचं शेवटी. वेगळं होण्याची भाषा सुरू होती. अशात एका सोमवारी दोन पानं चिकटली आणि तिकडच्या एका गावाचा पुलासाठीचा अर्ज वाचायचा राहून गेला. त्या गावचे तिघे दोन दिवसांचा प्रवास करून वर गॅलरीत बसलेले! बाहेर त्यांतला म्हातारा आत्याबाईंना म्हणाला, "पूल उशिरा द्या, बाई. पण आम्हीही या देशातच राहतो, हे कुणी मोठ्यानं म्हणणार की नाही?"

दुसऱ्या कुणी हे कारकुनाच्या माथी मारलं असतं. आत्याबाई पुढच्या सोमवारी उभ्या राहिल्या. अध्यक्ष डोळे वटारत होते, तरी "चूक माझी" म्हणाल्या आणि तक्रारीच्याही आधी गावाचं नाव वाचलं. मग तीच पद्धत पडली. पूल व्हायला नऊ वर्षं लागली. तेवढी वर्षं ती माणसं कडाकडा भांडली, पण भांडायला आली संसदेतच. पेपरात आत्याबाईंचं नाव कधी आलं नाही. मला मात्र पूल बांधणाऱ्यांपेक्षा त्यांचंच कौतुक जास्त वाटतं.

"पण नव्या पद्धतीनं कामं भराभर होतील, बाई," सचिव कपात बघत म्हणाले.

"होऊ देत की! हवं तेवढं मोजा. पण 'पाणी चाळीस' ऐकून गॅलरीतून कोण म्हणेल, हे आमचं?"

सचिवांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "सत्काराचं काय कळवू? मानाचा फलक तयार आहे."

"फलक नको बाबा. आमच्या भिंतीत खिळा ठोकला की शेजाऱ्यांचा आरसा पडतो."

ते हसले. आत्याबाई नाही हसल्या.

"माझं एकच मागणं आहे. मोजणी करा, पण दर सोमवारी अर्ज करणाऱ्या प्रत्येक गावाचं नाव सभागृहात एकदा मोठ्यानं वाचा."