दोन मिलिमीटरची पांढरी कड

कारखान्यात त्याला सगळे ताणकर म्हणत. हे काही त्याचं आडनाव नव्हतं. फिल्म ताणायच्या खात्यात तो सव्वीस वर्षं होता, म्हणून कुणीतरी गमतीनं तसं म्हटलं आणि ते चिकटलं. पुढे पगाराच्या पाकिटावरचं खरं आडनाव वाचून नवा कारकून विचारायचा, हा माणूस कुठे बसतो?

तिथे पोलरायझरची फिल्म बनत असे. घड्याळं, हिशोबाची यंत्रं, पेट्रोल पंपावरचे आकडे या सगळ्यांच्या काचेवर ती चिकटवलेली असते. लग्न नवं असताना बायकोनं विचारलं होतं, तुम्ही नेमकं करता तरी काय? त्यानं खिडकीच्या उभ्या गजांतून फुटपट्टी घालून दाखवली होती. उभी धरली की जाते, आडवी धरली की अडते. उजेडाचं तसंच. आमची फिल्म एकाच दिशेचा उजेड सोडते. एकीवर दुसरी आडवी ठेवली की दोन्ही पारदर्शक असूनही मागचं काही दिसत नाही, काळंकुट्ट होतं. बायको म्हणाली, "म्हणजे दिवसभर खपून शेवटी अंधारच करता."

काम मात्र नाजूक. पारदर्शक फिल्मचा रोल कोमट पाण्यात भिजवायचा, रंगाच्या टाकीतून काढायचा, मग बोरिक आम्लाच्या टाकीत दोन रुळांमध्ये पाचपट लांब ओढायचा, वाळवायचा आणि दोन कडक पापुद्र्यांमध्ये चिकटवायचा. घाईनं ओढली की फाटते, ढिलाई केली की काळा रंग फिका येतो. आयोडिनची फिल्म काळी छान होई, पण ऊन आणि दमट हवा तिला सोसत नसे. उघड्यावर बसवलेल्या मीटरांचे आकडे दोन वर्षांत पुसट होत आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन दारात उभं. आयोडिनऐवजी पक्का रंग वापरला तर टिके, पण काळ्याचा राखाडी होई.

ताणकरनं या एका गोष्टीवर अकरा वर्षं घातली. जेवणाच्या सुट्टीत, काम संपल्यावर, मालकाच्या नाकदुऱ्या काढून. शेवटी त्यानं बोरिक आम्लाची दुसरी, जास्त गरम टाकी लावली आणि शेवटची ओढ त्या टाकीत, निम्म्या वेगानं द्यायला सुरुवात केली. पक्का रंग आणि पक्का काळा, दोन्ही एकत्र आले. त्या दिवशी टाकीवाला, म्हणजे त्याच्या हाताखाली रंग आणि आम्ल सांभाळणारा जुना सोबती, दोन तुकडे एकमेकांवर आडवे धरून दिव्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ताणकर, दिवा गेला की काय रे?"

पण निम्मा वेग म्हटल्यावर मालकाचं तोंड वाकडं झालं. बाहेरून तयार फिल्म मागवून इथे नुसती कापली तर स्वस्त पडते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. खात्यातल्या आठ माणसांच्या पोटावर पाय यायची वेळ. ताणकरनं फारच लावून धरलं, तेव्हा मालक म्हणाला, "तुमची फिल्म हजार तास टिकवून दाखवा. टिकली तर खातं चालू. नाहीतर पुन्हा विषय काढायचा नाही."

हजार तास म्हणजे वाफेच्या पेटीत. पंच्याऐंशी अंश उष्णता, पंच्याऐंशी टक्के ओल, एक्केचाळीस दिवस आणि सोळा तास. तळहाताएवढे तुकडे आत ठेवायचे आणि दर अडीचशे तासांनी बाहेर काढून तपासायचे. कुठेही एक मिलिमीटरपेक्षा जास्त पांढरं पडलं की नापास.

तपासणीच्या खोलीत बसत होती ती त्याचीच धाकटी बहीण. नवरा सोडून गेल्यावर यानंच तिला कारखान्यात चिकटवलं होतं. दिव्याच्या पेटीसमोर बसवून, काळं कशाला म्हणायचं तेही यानंच शिकवलं. कामगार तिच्या पाठीमागे तिला फुटपट्टी म्हणत. ते तिला माहीत होतं. "फूटभर तरी आहे ना," असं ती म्हणे.

आता चूक झाली ती इथे. तुकडे पेटीत ठेवण्याआधी त्यांच्या चारी कडांना राळेचा हात द्यायचा, अशी रीतच होती. ओल शिरते ती कडेतून. प्रत्यक्ष मीटरमध्ये कड चौकटीत बंदच असते, तेव्हा यात लबाडी काहीच नव्हती. टाकीवाल्यानं राळेची वाटी पुढे केली, तर ताणकरनं ती बाजूला सारली.

"कडा बंद कर रे," टाकीवाला म्हणाला.

"रेनकोट घालून पोहायला कोण जातं?"

"अरे, सगळे जातात. तूच एकटा कसा..."

"माझी फिल्म उघडी जाईल. बघू दे मालकाला."

आणि सहा तुकडे उघड्या कडांनी आत गेले.

त्यानंतर तो रोज तपासणीच्या खोलीत चक्कर मारी आणि पेटीच्या काचेतून आत डोकावे. आत धुकं आणि अंधुक चौकोन, यापलीकडे काही दिसत नसे. तरी पाच मिनिटं उभा राही. बहीण मान वर न करता म्हणे, "दादा, बघण्यानं शिजत नाही ते."

अडीचशे तासांना काही नव्हतं. पाचशे तासांना ती त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "कड पांढरी पडायला लागलीय. अर्धा मिलिमीटर."

"मधे?"

"मधे काही नाही. ऐक, खालचा खण रिकामा आहे. राळ लावलेले सहा तुकडे आजच आत ठेवू. मालकांना सांगून, उघडपणे."

"म्हणजे ताणकर घाबरला, असं म्हणतील."

"म्हणू देत."

"तुझं काय जातंय म्हणू देत म्हणायला," तो म्हणाला आणि निघून गेला. जिन्यात त्याला वाटलं, परत जावं. पण पाय वळला नाही.

हजार तास भरले त्या सकाळी तिनं सहाही तुकडे दिव्यावर ठेवले. मधला भाग डांबरासारखा काळा. चहूबाजूंनी पांढरी कड, दोन मिलिमीटर. तिनं भिंगातून तीनदा मोजलं. ताणकर मागे उभा होता. खोलीत दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"कटर तिथंच आहे," तो हळूच म्हणाला. "तीन मिलिमीटर छाटून टाक. राळ लावली असती तर एवढंच दिसलं असतं. तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"मग राळ लावायची होती."

"आठ घरं आहेत."

"दादा, मला हे करायला लावू नकोस."

"तुला मी इथं आणलं ते या दिवसासाठी?"

तिनं नोंदवहीत आकडा लिहिला. "बहुतेक," ती म्हणाली.

खातं आठवड्याभरात बंद झालं. तिघांना घरी बसवलं, त्यात टाकीवाला होता. तो आता एका दवाखान्याच्या दाराशी नंबर वाटत बसतो. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "फुटपट्टीबाई बऱ्या आहेत ना?" राळेच्या वाटीबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. त्यानं काढला असता तर बरं झालं असतं. ताणकरला कापायच्या टेबलावर बसवलं. परक्याची फिल्म, तयार, गुळगुळीत. तिचे तो चौकोन कापी. काप त्याचा सरळ येई. सव्वीस वर्षांचा हात तेवढ्यालाच उरला होता.

बहिणीशी त्यानं बोलणं टाकलं. ती दोन गल्ल्या पलीकडे, एका खोलीत राही. कारखान्यात समोरून आली की हा भिंतीवरची सूचना वाचायला लागे. आग लागल्यास काय करावे हे त्याला तोंडपाठ झालं.

बायको मधेमधे सांगे, "वन्सं भेटल्या होत्या. विचारत होत्या."

"काय?"

"तुमच्या गुडघ्याचं."

"गुडघा माझा आहे."

असं दीड वर्ष गेलं. आणि खरं म्हणजे त्या दीड वर्षात त्याचं बरं चाललं होतं. सकाळी उठायला काहीतरी कारण लागतं. त्याला बहिणीचा राग होता. तो चहासारखा रोज ताजा करून घेता येई.

मग एकदा माल कमी पडला, म्हणून गोदामातल्या माणसानं मागच्या बाजूला राहून गेलेलं एक खोकं कापायच्या टेबलाशी आणून टाकलं. बाहेरून आलेल्या फिल्मच्या अगदी पहिल्या खेपेतलं. ताणकरनंच खिळे उपसले. आत रोलवर पुठ्ठ्याची चिठ्ठी होती. रुंदी लिहिलेली, नेमकी त्यांच्या यंत्राच्या मापाची, म्हणजे सांगून बनवून घेतलेली. खाली खोक्यात माल भरल्याची तारीख. त्यानं ती वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. त्याचे तुकडे पेटीत ठेवले त्याच्या तीन आठवडे आधीची तारीख होती.

म्हणजे हजार तास सुरू व्हायच्या आधीच माल तयार होऊन निघाला होता. मालकानं आधीच ठरवून टाकलं होतं. ती पेटी, ते तास, ते मोजणं, सगळं त्याला गप्प बसवण्यापुरतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी चिठ्ठी खिशात घालून तो बहिणीकडे गेला. तिनं दार उघडलं, बघितलं आणि आत सरकून वाट दिली. खोलीत एक खाट, एक खुर्ची. खुर्चीवरचे कपडे तिनं उचलले. तो बसला आणि चिठ्ठी पुढे केली.

तिनं ती नीट वाचलीही नाही. "हं," ती म्हणाली. "चहा टाकू?"

"तारीख बघ."

"मला माहीत होतं, दादा."

"कधीपासून?"

"चाचणीच्या तिसऱ्या आठवड्यात. गोदामवाला विचारायला आला होता, चाळीस खोकी येणार आहेत, तुमच्या बाजूची खोली रिकामी होईल का म्हणून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू रोज काचेतून बघायला यायचास. तुला काय सांगणार होते?"

"बरं. मला नाही सांगितलंस. पण माहीत असून नापास लिहिलंस? सगळं नाटक आहे हे माहीत असून?"

"दोन मिलिमीटर होते."

"पास लिहिलं असतंस तर मालकाची पंचाईत झाली असती. चाळीस खोकी दारात आणि हातात पासाचा कागद."

"चार दिवस झाली असती. मग त्यांनी दुसरं काहीतरी काढलं असतं." ती खाटेच्या कडेवर बसली. "आणि तसं नसतं झालं, तरी दोनच होते. त्यांनी खोटं मागितलं म्हणून मी खोटं मोजायचं का?"

"भावासाठी."

"भावासाठी मी पाचशे तासांना बोलले होते."

त्यानं चिठ्ठी उचलून परत खिशात घातली. बाहेर कुणीतरी सायकलमध्ये हवा भरत होतं. मग ते थांबलं.

"मधला भाग कसा होता?" त्यानं शेवटी विचारलं.

"अहवालात लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर. मध्यभाग निर्दोष, कडा बंद करून पुन्हा चाचणी घ्यावी."

"कुणी वाचलं?"

"मी लिहिलं, मीच वाचलं." मग ती म्हणाली, "काळा होता, दादा. त्यानंतर इतका माल आला, तसा काळा नाही पाहिला."

हे ऐकायला तो अकरा वर्षं आणि वर दीड वर्ष थांबला होता. आता ते कुठे ठेवावं ते त्याला कळेना. तो उठला. ती दारापर्यंत आली.

"वहिनीला घेऊन ये एकदा," ती म्हणाली.

"बघतो."

घरी बायको दारातच होती. "झालं बोलणं?"

"झालं."

"मग आता येणंजाणं सुरू म्हणायचं."

तो चपला काढत बराच वेळ वाकून राहिला. गुडघ्यामुळे असेल. "तिची काहीच चूक नव्हती," तो म्हणाला.

"मी दीड वर्ष तेच सांगतेय. मग आता अडलंय कुठे?"

"चूक असती तर माफ करून गेलो असतो," तो म्हणाला.

तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. संध्याकाळी तिनं दिवा लावला तेव्हाही तो तसाच होता, डोळे उघडे ठेवून.