तळहातावरचा मोती

तळहातावर प्रोजेस्टेरॉनची गोळी मोत्यासारखी चमकत होती. पाळी गेल्यावर माझ्या अंगातून अशा वाफा निघत की त्यावर इडल्या झाल्या असत्या, म्हणून इस्ट्रोजेनचं जेल आलं आणि त्याच्या जोडीला ही. पण सकाळी चहाबरोबर घेतली की मी इतकी पेंगायचे, की कुकरच्या शिट्ट्या अख्ख्या सोसायटीने मोजाव्यात.

"बंद कर गं ती," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. "आम्ही कुठे असल्या गोळ्या खाल्ल्या?"

"जेल चालू ठेवून नुसती हीच बंद केली तर गर्भाशयाचं अस्तर वाढत बसेल, वहिनी. डॉक्टरांनी वेळ बदलून दिलीय, झोपताना घ्यायची. आणि दर गौरींना पाळी पुढे ढकलायला तुम्ही काय पेढे खाल्लेत? ती गोळी हिच्याच घराण्यातली."

जाऊबाई दचकून गौरींच्या साड्यांच्या घड्या घालायला लागल्या!

गौरींसाठी, पूजेसाठी, नणंदेच्या लग्नासाठी आम्ही आपलं शरीर किती वेळा पुढे ढकललं. तेव्हा कुणी हटकलं नाही. स्वतःसाठी घेतली, की चर्चा!

गोळी पुन्हा डबीत ठेवली. यंदा गौरी जेवतील, आरती होईल, मग मी माझा मोती गिळून ढाराढूर झोपेन. पेंगणार मुळीच नाही. सकाळी शिट्ट्या माझ्या मीच मोजेन.