चाळीस पावलांची मोकळी जागा

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका छोट्या कंपनीत मी नकाशे काढते. आम्ही गोठ्यांसाठी यंत्रं विकतो. साहेब डेन्मार्कचे, शेतकऱ्याच्या घरातले. दोन वर्षांत मी त्यांच्याशी 'येस सर'च्या पलीकडे फारसं बोलले नव्हते.

गेल्या वर्षी त्यांच्या वडिलांची सखल शेतं सरकारी योजनेत गेली. तिकडे सध्या जमिनींची फेरवाटणी चालू आहे. ओलसर जमीन पुन्हा पाण्याखाली जाऊ द्यायची, बदल्यात दुसरीकडे कोरडी जमीन घ्यायची. वडिलांनी सही केली होती. पण शेतातलं पाणी काढून नेणाऱ्या मातीच्या नळ्या जमिनीखालून कुठून गेल्यात, याचा कागद कुणाकडेच नव्हता. त्या वडिलांच्याही वडिलांनी पुरलेल्या. जागा फक्त वडिलांना माहीत. त्या सापडल्याशिवाय बुजवता येणार नव्हत्या, म्हणून साहेबांनी मला नकाशा काढायला बसवलं.

जेवणानंतर व्हिडिओ कॉल लागला. साहेबांचे वडील, ऐंशीच्या घरातले आजोबा, गमबूट घालून, हातात फोन धरून शेतात चालत होते. पावलं मोजायचे, थांबायचे, आकडा सांगायचे. साहेब तो मला इंग्रजीत सांगत, मी रेघ ओढे. दर बारा पावलांवर एक नळी. एका जागी ते म्हणाले, याच चिखलात तुझा हा साहेब लहानपणी कमरेपर्यंत रुतला होता आणि गाईंना हाका मारत होता. साहेब लाजले.

शेवटची नळी सांगून आजोबांनी टोपी काढली.

"खलास," साहेब मला म्हणाले.

पण पडद्यावर त्या नळीपासून गोठ्याच्या भिंतीपर्यंत चाळीस पावलं कोरी होती. पेपर देण्याआधी काही रिकामं राहिलं नाही ना हे बघायची सवय मला इथल्याच, दुबईतल्या ऊद मेथाच्या शाळेत लागली, ती अजून सुटलेली नाही.

"सर, इथे एकही नळी नाही? मग जमीन कोरडी कशी?"

मुलगी काय म्हणते, आजोबांनी विचारलं. साहेबांनी सांगितलं. आजोबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"आहे एक," साहेब हळूच भाषांतर करू लागले. "ती वेगळी, थेट नदीला जाते. कुणी विचारलं नसतं, तर मी सांगणार नव्हतो."

तेव्हा मला कळलं. ती नळी नकाशात आली नसती, तर बुजवली गेली नसती; तेवढा तुकडा कोरडा राहिला असता आणि गाई ठेवता आल्या असत्या. नवीन जमीन घरापासून सात किलोमीटरवर होती.

"सर, ती नकाशात नाही दाखवली तरी चालेल," मी म्हणाले.

साहेबांनी विचारून पाहिलं. आजोबांनी नकारार्थी मान हलवली. "आता तिघांना माहीत आहे. रेघ ओढायला सांग तिला."

मग ते पुन्हा पावलं मोजत गोठ्याकडे चालू लागले. मी रेघ ओढली.

योजनेच्या नव्या नकाशात पाण्याचा निळा रंग गोठ्याच्या भिंतीला टेकला होता. नकाशा फार नेमका आहे, असं तिकडच्या इंजिनियरने कळवलं. साहेबांनी ती मेल माझ्याकडे पाठवली.

ऑक्टोबरात ते चार दिवस रजेवर गेले. ऑफिसच्या कॅलेंडरवर कारण त्यांनी स्वतःच लिहिलं होतं: गाई विकायच्या आहेत.