टाकीत उरलेलं हिरवं

मुक्ता, फोन जरा कानाशी धर. माझ्या ओट्यावरच बसलीयस असं समज आणि ऐक. कुणी गिऱ्हाइकानं टाकीतल्या झाडाचा फोटो पाठवला की लगेच प्लांटचं नाव सांगून मोकळी होतेस, हे बरं नाही गं. मी फिश टँकची सर्व्हिस करत म्हातारी झाले, तरी कोसाडच्या सुमनबाईंच्या टाकीतलं झाड मलाही ओळखता आलं नव्हतं.

टाकी त्यांच्या मुलाची, गणेशची. सचिन गावातल्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला होता. पावसाळ्यात कावीळ झाली नि गेला. मग फिल्टर बंद, मासे मेले, पाणी अर्ध्यावर आलं. दिवाळीनंतर मला बोलावलं तेव्हा आत एकच झाड जिवंत होतं. लांबट फिकट पानं, काडी लेचीपेची.

"मन्हा पोऱ्यानी लायेल शे ना हाई?" सुमनबाईंनी विचारलं. पोरानं लावलंय ना, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

"बघून सांगते."

"इतक्या टाक्या करता, ताई, नाव नाही माहीत?"

"पाण्याखाली पानाचं रूप बदलतं हो. एक फांदी बाहेर कुंडीत लावते. फूल आलं की कळेल."

"न्या. पण सगळं नका नेऊ."

कुंडीत पानं जाड, खरबरीत झाली. मग बटणासारखं पांढरं फूल आलं. पान तळहातावर चुरडलं, तर थोड्या वेळानं हात काळा. माका! केसांच्या तेलात घालतो तो. ओल्या मातीत आपोआप उगवतो, आमच्या धंद्यात कुणी विकत नाही. म्हणजे हे गणेशनं लावलेलं नव्हतं.

परत गेले. टाकीच्या तळाशी माती नि कुजलेली रोपं दिसली. "सुमनबाई, नवरात्रात घट बसवला होता?"

"हो तर. घरात दुःख असलं तरी देवीचा घट चुकवत नाही आम्ही. माती गावाहून आणलेली, शेतातल्या पाटाकडची. तापीत आता काही टाकू देत नाहीत. म्हटलं, गणेशची टाकी आहे, तेही पाणीच. तिच्यातच विसर्जन केलं."

घटातला गहू कुजला होता. त्याच मातीत उगवलेला माका तेवढा तगला होता. हे मी त्यांना सांगून टाकलं.

गणेशनं लावलेलं काही उरलंय का बघायला मी टाकीत हात घातला. दुकानातल्या प्लांटच्या जुडीला बुडाशी शिशाची पट्टी गुंडाळलेली असते, जुडी तरंगू नये म्हणून. घटाच्या मातीखाली तशा पट्ट्या लागल्या. पट्ट्यांच्या आत झाडं कुजून नुसता काळा गाळ.

"त्याची झाडं ही?" सुमनबाईंनी विचारलं.

"हो."

"म्हणजे घटाच्या मातीखाली मीच गाडली."

"आधीच गेली असतील हो, फिल्टर बंद होता ना," मी म्हटलं. खरं काय ते मला तरी कुठे माहीत!

त्यांनी एक पट्टी पदरानं पुसली, माक्याच्या काडीला गुंडाळली आणि परत टाकीत रोवली. "आता हे त्याचं."

माका असा बुडून फार टिकत नाही, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. काही आठवड्यांत तोही सडला. टाकी रिकामी करायला मीच गेले. सुमनबाई मजुरीवर आलेल्या साडीवर चमकीचे स्टोन चिकटवत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलंच नाही.

म्हणून सांगते, नाव सांगण्याआधी गिऱ्हाइकाला ते कशासाठी हवंय, ते विचारत जा.

माझ्या कुंडीतला माका अजून आहे, पांढऱ्या फुलांनी भरलाय. तो त्यांना नेऊन द्यायचाय, पण एकटीनं त्यांचा जिना चढवत नाही. तू लवकर ये गं. दोघी जाऊ.