टॉपर्सचा नसलेला बोर्ड

“मॅडम, ह्या बोर्डवर आमच्या आर्यनचं नाव यायला किती टक्के लागतात?”

रियाधमधल्या नव्या शाळेचा ओपन डे होता. विचारणारे कुलकर्णी बँकेत मोठ्या हुद्द्यावर. मुलाला बोर्डाखाली उभं करून फोटोही काढून झाला होता. मला टक्क्यांचं काय माहीत? माझं काम फिट-आउटचं. म्हणजे बिल्डरने रिकामी इमारत दिली की आतलं सगळं उभं करायचं.

इथे परंपराही उभी करायची होती. मालकांनी वेल्समधल्या एका बंद शाळेचं नाव विकत घेतलं होतं. खाणींच्या गावातली, फक्त मुलग्यांची ग्रामर स्कूल. म्हणजे परीक्षा घेऊन हुशार पोरं निवडणारी सरकारी शाळा. पुढे ती दुसऱ्या शाळेत विलीन झाली, इमारतीत फ्लॅट झाले. उरलं नाव, बोधचिन्ह आणि हॉलमधल्या लाकडी बोर्डचा फोटो. वर मोठं हेडिंग, खाली सोनेरी अक्षरांत नावं.

तो बोर्ड रिसेप्शनमध्ये हुबेहूब हवा होता. पण एसीच्या डक्टमुळे सीलिंग खाली आलं, बोर्ड बसेना.

“हेडिंग कापा,” मालकांचे मॅनेजर मन्सूरभाई म्हणाले.

“मग ही नावं कोणाची, ते कळणार कसं?”

“नावं गोऱ्यांची आहेत, एवढं कळलं की पुरे. यल्ला, चला मॅडम!”

ईमेलवर होकार घेतला आणि कापलं. बोर्ड ओपन डेच्या आदल्या संध्याकाळी लागला.

कुलकर्णींना उत्तर दिलं हेडमास्तर रीस यांनी. ते त्याच शाळेचे माजी विद्यार्थी, म्हणूनच तर मुद्दाम आणलेले.

“टक्के लागत नाहीत,” ते म्हणाले. “ही युद्धात मेलेली मुलं आहेत. तिसरं नाव माझ्या आजोबांच्या भावाचं.”

कुलकर्णींनी आर्यनला खांद्याला धरून बाजूला ओढलं. फोटो डिलीट केला. मग हळूच विचारलं, “मग टॉपर्सचा बोर्ड कुठल्या मजल्यावर आहे?”

रीस मन्सूरभाईंकडे वळले. “हेडिंग लावा. नाहीतर मी परत जातो.”

“मेलेल्यांची नावं रिसेप्शनमध्ये? अ‍ॅडमिशन कोण घेईल? मॅडम, नावं पुसा, खलास!”

“पुसते. पण हे गेले तर फी कोणाचा चेहरा दाखवून सांगणार?”

मन्सूरभाईंनी बोर्ड दुसरीकडे हलवायला सांगितलं. मी टेप घेऊन लायब्ररी मोजली. तिथे डक्ट नव्हता. बोर्ड हेडिंगसकट तिथे गेला, रीस राहिले.

रिसेप्शनमध्ये नवा बोर्ड लागला. सोनेरी कडा, नाव एकही नाही. कुलकर्णींनी आर्यनला त्याखाली उभं करून पुन्हा फोटो काढला.

आता परंपरा बसवायचं काम आलं, की मी आधी सीलिंगची उंची मोजते.